दोनदा कमी केलेले मासे

६ फेब्रुवारी
जहाजावरून

ती. आई,

वाकून नमस्कार. इथे वाकायला वेगळे कष्ट पडत नाहीत, जहाजच वाकवतं. पत्र वाचून दाखवणाऱ्या मास्तरीणबाईंनाही नमस्कार, आणि आगाऊ माफी. लाटांमुळे माझं अक्षर तुमच्या डॉक्टरांच्या अक्षरासारखं येतंय.

मी ठीक आहे. सुरुवातीला पोटात काही ठरत नव्हतं. मग एके दिवशी स्वयंपाक्याकडे जाऊन परत भात मागून घेतला, तेव्हा सगळ्यांनी मला जहाजाचं माणूस म्हणून मान्य केलं. तुमचं कसं चाललंय? पांढरी गोळी नाश्त्याआधी आणि निळी नंतर, उलट करू नका. तुम्ही म्हणाल, समुद्रात गेली तरी हिची नर्सगिरी संपत नाही. नाहीच संपत.

माझी खोली आपल्या न्हाणीघराहून जराशी मोठी आहे. एकावर एक दोन पलंग, एक टेबल, आणि टेबलाला कडेने उंच पट्टी, नाहीतर कप चालत जातो. वरच्या पलंगावर एक संशोधक मुलगी आहे. ती कुठेही, कशीही झोपते म्हणून तिला सगळे उशी म्हणतात. परवा दोरखंडाच्या वेटोळ्यात झोपलेली सापडली.

निघताना तुम्ही विचारलं होतंत, ‘तिकडे जाऊन नेमकं करणार काय?’ तेव्हा मी किल्ल्या शोधत होते, आता सांगते. जिथे माणसांची वस्ती नाही अशा दूरच्या प्रवाळांची तब्येत बघायला हे जहाज निघालंय. आम्ही जोडीजोडीने खाली उतरतो आणि प्रवाळावर मोजपट्टी अंथरतो. उशी पट्टीखालचे प्रवाळ नोंदवते, मी आजूबाजूचे मासे. कुठला मासा आणि किती लांब, एवढंच प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने लिहायचं. गंमत अशी की पाण्याखाली सगळं खऱ्यापेक्षा मोठं आणि जवळ दिसतं. त्यामुळे नजरेला तेवढं कमी करून बघायची सवय लावावी लागते. आमच्या प्रमुखबाई कडक आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी पाण्यात दोरीला पाइपाचे लहानमोठे तुकडे टांगले आणि सगळ्यांची परीक्षा घेतली. हे गेल्यापासून मी पाण्यात उतरलेच नव्हते. पण पास झाले, आणि बरी पास झाले.

तुम्ही मला घरातून जवळजवळ ढकलून दिलंत. ‘माझ्या गोळ्या मोजायला तू शिकलीस का एवढी?’ म्हणालात. तेव्हा राग आला होता. आता नाही.

आम्ही खाली असताना एक छोटी बोट वरून आमच्या बुडबुड्यांच्या मागे मागे फिरते. ती चालवणारे गृहस्थ आधी एका बंदरात फेरीबोटीवर होते. पाण्यातून घाईने वर येणं धोक्याचं असतं, म्हणून वर येणाऱ्या प्रत्येकाला ते ‘हळू’ म्हणतात. जेवताना, जिन्यावर, चहा ओततानाही तेच. तरुण मंडळी त्यांना हळूकाका म्हणतात. बाकी बोलत नाहीत.

दर रविवारी फोन मिळेल, पण तो कप्तानाच्या खोलीत आहे आणि मागे रांग असते. तेव्हा मनासारखं बोलणं कठीण. पत्रं सामानाच्या बोटीबरोबर जातील.

मास्तरीणबाई, आईंच्या डोळ्यांत थेंब घालताना त्या ‘झालं, झालं’ म्हणतात, पण तेव्हा झालेलं नसतं.

जहाजाने मान्य केलेली,
तुमची सून


२४ फेब्रुवारी
जहाजावरून

ती. आई,

नमस्कार, आणि आज जरा खाली मान घालून. तुमच्या सुनेने सगळ्या जहाजाला पोटभर हसवलंय. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

परवा प्रमुखबाईंनी मला बोलावून घेतलं. समोर दोन तक्ते होते. त्यांनी विचारलं, “तुम्ही मोजता ते मासे आजारी आहेत का?”

मी म्हटलं, “नाही, चांगले आहेत.”

“मग त्याच प्रवाळाच्या दुसऱ्या बाजूचे मासे असे धष्टपुष्ट, आणि तुमच्या बाजूला आले की पिल्लांएवढे, असं कसं?”

त्यांनी पुन्हा पाइप टांगायला लावले आणि मला खाली पाठवलं. मी सगळ्या लांब्या बरोबर सांगितल्या. बाई चक्रावल्या. नजर बरोबर, मग मासे वाटेत कमी कुठे होतात? मग मीच म्हटलं, “संध्याकाळी पाटीवरचं कॉम्प्युटरमध्ये भरताना मी ते कमी करते ना.”

म्हणजे बघा, माझी जुनी नजर पाण्याखालीच मोठेपणा वजा करून खरी लांबी लिहीत होती. आणि वर आल्यावर मी त्या लांबीकडे बघून म्हणत होते, छे, इतका मोठा कसा असेल, पाण्यात मोठं दिसतं, विसरलीस का? की परत वजा. आले तेव्हापासून रोज मी आपली माशांना दोनदा कमी करत होते. बाईंनी कपाळावर हात मारला आणि मग त्यांना जे हसू फुटलं, ते स्वयंपाकघरापर्यंत गेलं. पाट्यांचे फोटो होते म्हणून निभावलं. सगळं पुन्हा भरून दिलं, उशीने मदत केली आणि मध्येच झोपली. आता जेवताना कुणी मला कमी वाढून घेताना बघितलं की विचारतात, “हे कितव्यांदा कमी केलंत?”

बोटवाले तेवढे हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी बोटीत मी आपली गप्प बसले होते. तर म्हणाले, “मासे मोठेच होते. मी वरून बघत होतो, मी साक्षीदार आहे.” वरून काही दिसत नाही, आई. पण बरं वाटलं.

त्यांचं एक सांगायचं राहिलं. त्यांना प्रत्येकाचे बुडबुडे ओळखता येतात. उशीचे म्हणे झोपलेल्या माणसासारखे येतात, सावकाश. मी विचारलं, माझे? म्हणाले, “तुमचे आधी छोटे छोटे येतात, मग एक मोठा. काहीतरी बोलायचं ठरवून राहून गेल्यासारखे.” पोहताना पायात घालायच्या माझ्या पंखांचा पट्टा तुटला होता, तोही त्यांनीच शिवून दिला. टाका इतका सरळ की तुम्हीही नाव ठेवलं नसतंत. चहात साखर घालत नाहीत. त्यांची बायको फार वर्षांपूर्वी वारली, मूलबाळ नाही. हे मी विचारलेलं नाही, बोलता बोलता निघालं.

बाकी हवा छान आहे.

इथलं पाणी कसं आहे ते तुम्हाला सांगायला शब्द कमी पडतात. तुमच्या डोळ्यांसमोर मधोमध तो डाग नसता आणि वय थोडं कमी असतं, तर मी तुम्हालाच इथे आणलं असतं आणि तुम्ही आल्या दिवसापासून कप्तानाला शिस्त लावली असतीत.

निळी गोळी नाश्त्यानंतर.

तुमची सून


१७ मार्च
जहाजावरून

ती. आई,

हे पत्र तुम्ही स्वतः वाचा. मास्तरीणबाईंना देऊ नका. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि चहा करायला पाठवा.

तुम्हाला वर्तमानपत्राचे मथळे दिसतात. म्हणून मथळ्याएवढी अक्षरं काढतेय. नमुन्यांच्या डब्यांवर आकडे घालायचं जाड पेन आहे. कागद जुन्या नकाशांचे आहेत, मागची बाजू कोरी असते. एका पानावर चारच ओळी बसतात. तेव्हा थोडक्यात लिहीन. पानांवर आकडे घातलेत. भिंग घ्या आणि उजेडाकडे पाठ करून बसा.

रविवारच्या फोनबद्दल आधी. तुम्ही टेलिफोन एक्सचेंजमध्ये होतात, मला मान्य आहे. पण तुमचा आवाज तारेशिवायही इथे पोचला असता. ‘तुझ्या पत्रात मासे कमी आणि तो बोटवाला जास्त, कोण आहे तो?’ हे कप्तानाने ऐकलं. रांगेने ऐकलं. रांगेत बोटवाले स्वतः होते. मी ‘इथे हवा छान आहे’ म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर दिवसभर मी डेकवर गेले नाही.

आता खरं लिहिते.

आम्ही सगळ्यात लांबच्या प्रवाळापर्यंत पोचलो. मागच्या सफरीने आणलेले त्याचे फोटो नुसते पांढरे होते. पाणी तापलं की प्रवाळ रंग टाकतात, आणि तापलेलंच राहिलं की मरतात. प्रमुखबाई आदल्या दिवसापासून कुणाशी बोलत नव्हत्या. मला वाटलं, आता मेलेलं मोजायचं. आम्ही खाली गेलो. मेलेल्या प्रवाळांच्या फांद्यांवर नवे प्रवाळ बसले होते, नखाएवढे. जांभळे, पिवळे, हिरवट. जिथे हात दाखवावा तिथे. उशीने पेन्सिल सोडून दिली आणि दोन्ही हात वर केले. मी हसले, आई. तोंडात नळी घेऊन मोठ्याने हसले.

वर आल्यावर बोटवाले म्हणाले, “हळू.” मग म्हणाले, “आज बुडबुडे वेगळे होते. हसत होतात का?”

मी हो म्हटलं.

उशी बोटीत चढल्या चढल्या झोपली. दुसरी जोडी अजून खाली होती. ते बुडबुड्यांवरची नजर न काढता बोलले. “ही सफर झाली की मी बोट सोडणार. बंदराजवळ माझं घर आहे. बुटकं आहे. पण एकट्याला मोठं होतं. तुम्ही याल का?”

मी म्हटलं, “येईन की कधीतरी, चहाला.”

खोलीत येऊन मी विचार केला. चहालासुद्धा कशाला. सभ्य माणूस आहे, सगळ्यांनाच बोलावत असेल. दुसऱ्या दिवशी बोटीत पाय ठेवला तर ते म्हणाले, “काल मी लग्नाचं विचारलं होतं.” मी म्हटलं, “मी ते कमी करून ऐकलं.” ते म्हणाले, “दोनदा केलंत.” मग ते पहिल्यांदाच हसले.

मला हो म्हणायचंय. तुमच्यापासून लपवून काय करू. तुम्ही पहिल्या पत्रातच ओळखलं असणार. आयुष्यभर लोकांचे फोन जोडलेत, कोण काय बोलायचं टाळतंय ते तुम्हाला ऐकू येतं.

ह्यांना मी विसरले नाही. पाण्याकडे बघून त्यांना गरगरायचं. तरी मी सरावाला गेले की धक्क्यावर पाण्याकडे पाठ करून उभे राहायचे, हातात टॉवेल घेऊन. तसं माझ्यासाठी कुणी उभं राहिलं नाही आणि राहणार नाही. त्या बोटवाल्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “टॉवेलचं लक्षात ठेवतो.” चेष्टेत नाही म्हणाले.

मला भीती त्यांची नाही, लोकांची नाही. एकच आहे. हे गेले त्या दिवशी नातेवाईक कुजबुजत होते, आता ही माहेरी जाईल. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, ‘हिचा पलंग इथेच आहे.’ तेव्हापासून आपण दोघी एका घरात. सकाळी तुम्ही रेडिओ मोठा लावता, मी बारीक करते. तुम्ही पुन्हा मोठा करता. एवढंच आहे आपलं, पण मला ते सोडायचं नाही. ज्यांच्यामुळे मी तुमची सून, ते नाहीत. मी दुसऱ्याची बायको झाले तर तुमची कोण? तुम्ही एकट्या त्या घरात आणि मी पाहुण्यासारखी फळं घेऊन येणार, हे मला जमणार नाही.

मी त्यांना सांगितलं, मला एका व्यक्तीला विचारायचंय. त्यांनी विचारलं, कुणाला. मी म्हटलं, सासूबाईंना. तुमच्या डोळ्यांचं त्यांना माहीत आहे. ते म्हणाले, “मग पत्र मोठ्या अक्षरात लिहा.”

सामानाची बोट आता शेवटची एकदाच येईल. मग जहाज परत फिरेल. तुमचं उत्तर आल्यावरच मी बोलणार आहे. तुम्ही नाही म्हणालात तर नाही. रडत बसणार नाही, रुसणार नाही. मी शब्दाची पक्की आहे, तुम्हाला माहीत आहे. फोनवर सांगू नका, सगळं जहाज ऐकेल.

शेवटच्या पानावर खाली सही करायची आहे. तुमची, इथपर्यंत लिहिता येतंय. पुढे काय लिहू ते कळत नाही. जागा मोकळी ठेवते.

तुमची,


८ एप्रिल
जहाजावरून

ती. आई,

सामानाची बोट आज सकाळी आली. कांदे, बटाटे, इंजिनाचा एक सुटा भाग आणि तुमचं पाकीट. पाकिटावरचा पत्ता मास्तरीणबाईंच्या अक्षरात आणि आतलं तुमच्या. स्वयंपाक्याने मला पिंपावर बसवलं.

तुमचं अक्षर मी कितीतरी वर्षांनी बघितलं. ओळी तिरक्या गेल्यात, एक ओळ दुसरीवर चढलीय, पण एकही शब्द चुकला नाही. मी ते इतक्यांदा वाचलं की आता पाठ आहे. तरी इथे उतरवून ठेवते, कारण तुमचा कागद मी त्यांना वाचायला दिलाय आणि ते तो हळूहळूच वाचणार.

तुम्ही लिहिलंय:

‘तुझा तो प्रश्न वाचून मला राग आला. तू माझी कोण, हे माझ्या मुलाने ठरवलं होतं तोवर ठीक. तो गेला तेव्हापासून ते मी ठरवते. मुलीसारखी वगैरे काही लिहू नकोस. मुली उलट बोलतात, तू निदान पाठीमागे बोलतेस.

‘पत्र वाचून मी रडले. त्याची आठवण झाली म्हणून आणि तू हसलीस म्हणूनही. दोन्ही खरं आहे.

‘माणूस बरा वाटतो. कमी बोलणारे मला ओळखू येतात, ते फोन लवकर ठेवतात. त्याला विचार, घराला जिना आहे का. असेल तर माझं जमणार नाही. मला खालची खोली हवी, रस्त्याकडची खिडकी हवी. रेडिओ मी मोठाच लावणार. मी या घरात एकटी बसून तुझ्या फळांची वाट बघेन असं तुला वाटलंच कसं.

‘मास्तरीणबाईंना हे दाखवलेलं नाही. आठवडाभर त्या माझ्याशी तुटक वागतायत. त्यांना फोनवर तू सांग, म्हणजे त्यांचा मान राहील.’

आणि पाकिटात माझंच शेवटचं पान परत आलं होतं. मोकळी जागा तुम्ही भरून पाठवलीत. जाड पेनाने, कागद फाटेल इतकं दाबून.

मी पिंपावर बसून रडले, ते रुसणं नव्हे, तेव्हा शब्द मोडला असं धरू नका. मग बोटवाल्यांकडे गेले. ते बोटीतलं पाणी उपसत होते. मी विचारलं, “घराला जिना आहे का?”

ते म्हणाले, “नाही. बुटकं आहे, म्हटलं ना.”

“खालची खोली?”

“सगळ्या खालच्याच आहेत.”

“रस्त्याकडे खिडकी आहे का?”

त्यांनी डबडं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “खिडकी समुद्राकडे आहे. रस्त्याकडे भिंत आहे.” आणि डबडं परत उचलत, “भिंत फोडता येईल. खिडकी किती उंचीवर हवी, त्यांच्या खुर्चीची उंची किती?”

मी हाताने दाखवली. जेवढी आहे तेवढीच, कमी केली नाही.

मी हो म्हटलंय. जहाज उद्या परत फिरतं. प्रमुखबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की माझे मासे आता जहाजावर सगळ्यात बरोबर आहेत, आणि नखाएवढ्या प्रवाळांचा एक मोठा फोटो मला दिला. तो मी तुमच्यासाठी आणतेय. जवळ धरला की तुम्हाला रंग तरी नक्की दिसतील. उशीला बातमी सांगितली. ती जागीच होती, म्हणाली बोटीत त्या दिवशीही जागीच होते, डोळे मिटून घेतले होते.

रविवारी फोन करीन. मास्तरीणबाईंना जवळ बसवून घ्या, सगळं आधी त्यांनाच सांगते. तुम्ही नवल वाटल्यासारखं करा. आणि हळू बोला, कप्तानाच्या खोलीत यावेळी रांग मोठी असणार, सगळ्यांना ऐकायचंय.

गोळ्यांचं काही लिहीत नाही. तुम्ही घेतच असाल.

परत आलेलं पान मी पलंगाशेजारी चिकटवलंय. आज सही करताना त्याच्याकडे बघून, तुमच्या अक्षरासारखंच अक्षर काढतेय.

तुमची,
सून